बाळाच्या घांसांतलें मीठ

महाराष्ट्रांत बाळाला पहिला घांस भरविण्याच्या समारंभास उष्टावण म्हणतात. सहाव्या महिन्यांत बालकाला हलकें व हितकर अन्न द्यावें, असें सुश्रुतसंहितेंत सांगितलें आहे. आणि आजचें वैद्यकशास्त्रहि सहा महिन्यांनंतरचाच काळ योग्य मानतें. परंतु त्या पहिल्या घांसांत मीठ असावें कीं नसावें, या प्रश्नाचा निवाडा मात्र पिढ्यान्‌पिढ्या मोठ्या माणसांच्या जिभेनेंच केला. मऊ भात बाळाला भरविण्यापूर्वी आई स्वतः चाखून पाहते. तो तिला अळणी लागला म्हणजे बाळालाहि तसाच लागत असेल असें तिला वाटतें, आणि चिमूटभर मीठ त्यांत पडतें. या प्रेमळ समजुतींत कोठें चूक आहे, हें विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हळूहळू उलगडत गेलें.

मीठ शरीराला नकोच, असा याचा अर्थ नव्हे. रक्तांतील पाण्याचा तोल मिठांतील सोडियम या द्रव्यावर अवलंबून असतो. पण बाळाला लागणारें सोडियम आईच्या दुधांतून त्याला आपोआप मिळतें. गाईच्या दुधांत तें आईच्या दुधाच्या सुमारें तिप्पट असतें. तान्ह्या बाळाचीं मूत्रपिंडें अपक्व असतात; जादा मीठ बाहेर टाकण्यासाठीं त्यांना अंगांतलें पाणी खर्चावें लागतें, आणि बाळाला तर तहान लागल्याचें सांगतांहि येत नाहीं. रक्तांतील सोडियम फार वाढलें म्हणजे मेंदूच्या पेशींतलें पाणी बाहेर ओढलें जातें, झटके येतात, आणि प्रसंगीं प्राणहि जातो.

याचा दारुण प्रत्यय १९६२ सालीं अमेरिकेंतील बिंगहॅम्टन शहरीं आला. तेथील एका रुग्णालयांत नवजात बालकांसाठीं दूध तयार करतांना साखरेच्या भांड्यांत चुकून मीठ भरलें गेलें, आणि तें दूध पाजल्यामुळें सहा बालकें दगावलीं. दोन्ही पदार्थ दिसावयास सारखेच पांढरे; फरक चवीचा होता, आणि ज्यांनीं ती चव घेतली त्यांना बोलतां येत नव्हतें.

हा अपघात होता. परंतु थोडें थोडें मीठ रोजच्या रोज जाणून-बुजून बाळाच्या पोटांत जात होतें, तिकडे लक्ष वेधलें ल्यूइस डाल या संशोधकानें. न्यूयॉर्कजवळील ब्रुकहेव्हन प्रयोगशाळेंत त्यानें मिठानें चटकन रक्तदाब वाढणारी उंदरांची जात तयार केली होती. बाजारांत मिळणारें डबाबंद शिशुअन्न या उंदरांना दिलें असतां त्यांचा रक्तदाब वाढला. मग त्या डब्यांत मीठ घातलें तरी कोणासाठीं जात होतें? नवजात बाळाला खारट चवीची विशेष ओढ नसते. ती सुमारें चार महिन्यांनंतर दिसूं लागते. तें मीठ होतें डबा उघडून आधीं स्वतः चाखणाऱ्या आईसाठीं! १९७० मध्यें अमेरिकन तज्ज्ञांच्या समितीनें वरून घालावयाच्या मिठाची मर्यादा शेंकडा पाव भाग ठरविली, आणि १९७७ मध्यें तेथील मोठ्या उत्पादकांनीं असें मीठ घालणें बंद केलें.

परंतु एक टोक सोडलें म्हणजे माणूस दुसऱ्या टोकाला जातो. १९७८ मध्यें सोयाबीनच्या एका कृत्रिम दुधांतून मीठ काढून टाकण्यांत आलें. त्याबरोबर क्लोराइड हें मिठांतील दुसरें आवश्यक द्रव्यहि गेलें, आणि केवळ त्याच दुधावर असलेल्या बालकांची भूक मंदावली, वाढ खुंटली. कारण उघडकीस आल्यावर १९८० मध्यें अमेरिकेंत कायदा झाला व अशा दुधांतील घटकांचें किमान प्रमाण ठरविण्यांत आलें.

त्याच वर्षीं हॉलंडमध्यें एक प्रयोग सुरू झाला. ४७६ नवजात बालकांपैकीं कांहींना नेहमींच्या प्रमाणांत, तर कांहींना आईच्या दुधाइतकें कमी सोडियम असलेला आहार सहा महिने देण्यांत आला. अखेरीस दुसऱ्या गटाचा वरचा रक्तदाब २.१ मिलिमीटरनें कमी भरला. पंधरा वर्षांनीं त्यांतील १६७ मुलें पुन्हा तपासण्यांत आलीं, तेव्हां हा फरक ३.६ मिलिमीटर होता. सगळींच मुलें पुन्हा तपासतां आलीं नाहींत, म्हणून हा निष्कर्ष जपूनच स्वीकारला पाहिजे. तरी पहिल्या सहा महिन्यांचा संस्कार दीर्घकाळ टिकतो, असा संशय घेण्यास त्यानें जागा करून दिली.

या सर्व अनुभवांतून निघालेला नियम साधा आहे. पहिल्या वर्षांत बाळाच्या अन्नांत वरून मीठ घालूं नये. सात ते बारा महिन्यांच्या बाळाला दिवसाकांठीं सुमारें ३७० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे एक ग्रॅमहून किंचित् कमी मीठ, पुरेसें होतें. आणि तें दूध, धान्य व भाज्या यांतूनच मिळतें. वरण शिजल्यावर मीठ व फोडणी घालण्यापूर्वी बाळाची वाटी बाजूला काढली कीं काम झालें. लोणचें, पापड व खारीं बिस्किटें त्याच्यापासून दूर ठेवावीं. वर्ष उलटल्यावरहि घरच्या जेवणांत त्याला सामील करून घेतांना हात आंखडताच असावा.

जुलाबाच्या दुखण्यांत मात्र मीठच प्राण वांचवितें. १९७१ सालीं बंगालमधील बनगांवच्या निर्वासितांच्या छावणींत डॉ. दिलीप महालनवीस यांनीं मीठ-साखरेच्या पाण्यानें कॉलऱ्याच्या असंख्य रोग्यांना जगविलें. आजच्या जलसंजीवनीच्या पाकिटांतून लिटरभर पाण्याला २.६ ग्रॅम मीठ मिळतें. तेंहि मोजूनच, पाकिटावर सांगितलें असेल तेवढ्याच पाण्यांत. तेथें जीभ विचारांत घेतली जात नाहीं. बाळाच्या वाटीलाहि तोच न्याय हवा: ती अळणी आहे हें आईच्या जिभेचें मत आहे, बाळाची तक्रार नव्हे.