एकशे अकरा गेले

महाड तालुक्यातलं आंबवडे. नुसतं आंबवडे म्हटलं तर कंडक्टर विचारतो, "कुठलं वो?" कारण त्या नावाची गावं सातारा-रत्नागिरीकडंही आहेत. म्हणून आमच्याकडं ‘फौजी आंबवडे’ म्हणतात. आजा पलटणीत, बाप पलटणीत, नातू भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावतोय, असं ते गाव. तिथं पहिल्या महायुद्धाची शिळा आहे. या गावातून १११ माणसं लढाईला गेली आणि सहांनी प्राण दिले, एवढाच तिचा आशय. इंग्रज सरकारनं लढाईनंतर अशा शिळा देशभर गावोगाव बसवल्या. साचा एकच, बदलायचा तो फक्त गावचा आकडा. आंबवड्याचा आकडा मात्र वाचणाऱ्याला थांबवतो. त्या काळच्या डोंगरातल्या एका गावातून एकशे अकरा बाप्ये गेल्यावर मागं नांगर धरायला कोण उरलं असेल?

जायचे का, हे आमच्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. खाली नदीकाठी थोडं भातखाचर, बाकी सगळी वरकस. नाचणी, वरी काढायची, ती शिमग्यापर्यंत पुरली तर पुरली. मग एक तर मुंबईची गिरणी, नाही तर पलटण. पलटणीत पोटाला होतं, अंगावर कापड होतं आणि घरी मनिऑर्डर. शिवरायांचा मुलूख, रक्तातलं शौर्य वगैरे भाषणात ठीक आहे, पण पहिल्यांदा भूक होती असं माझं मत आहे. शौर्य त्यांनी तिथं गेल्यावर दाखवलं.

ते पुढं कुठं गेले? आमच्या म्हाताऱ्या ‘बसऱ्याची लढाई’ म्हणायच्या. मेसोपोटेमिया हा शब्द त्यांच्या जिभेवर बसणं शक्यच नव्हतं. मराठा पलटणींतल्या १०३, ११० आणि ११७ या तिन्ही जनरल टाउनशेंडच्या फौजेबरोबर कुत-अल-अमारा इथं अडकल्या. डिसेंबर १९१५ मध्ये तुर्कांनी वेढा घातला आणि २९ एप्रिल १९१६ ला फौज शरण गेली. शेवटी घोडे कापून खायची पाळी आली होती. आपल्या पुष्कळ शिपायांनी ते मांस बरेच दिवस तोंडात घातलं नाही. शरण गेलेल्या सुमारे तेरा हजारांना वाळवंटातून चालवत नेलं. त्या मुलुखात गोळीनं मेले त्याहून जास्त माणसं तापानं, हगवणीनं आणि उपासमारीनं मेली.

अशांसाठी बसऱ्याला मोठं स्मारक झालं, १९२९ साली. चाळीस हजारांवर माणसांचं. त्यात गोऱ्या शिपायांची नावं भिंतीवर कोरली. आपल्या अंमलदारांचीही कोरली. साध्या हिंदी शिपायांचा मात्र पलटणीवार नुसता आकडा. तेव्हा हिशेब असा, की बसऱ्याला आकडा आणि आंबवड्यालाही आकडाच. हे चुकलं, असं युद्धसमाध्या सांभाळणाऱ्या त्या मंडळानं २०२१ मध्ये कबूल केलं आणि माफी मागितली. शंभर वर्षांनी.

आणि नाव कोरायची रीत तेव्हा नव्हती असं म्हणावं, तर कोरेगावचा स्तंभ त्याच्या शंभर वर्षं आधीचा. त्यावर पडलेल्या शिपायांची नावं आहेत, ‘नाक’ लावलेली महार शिपायांचीही. महाडजवळच्या दासगावात महार पेन्शनरांची मोठी वस्ती होती. रावढूळचे गोपाळबाबा वलंगकर पलटणीतूनच निवृत्त झाले आणि महारांची भरती बंद झाली तेव्हा त्यांनी सरकारला अर्ज लिहिला. माणसं कमी पडली तशी १९१७ ला महारांची पलटण पुन्हा उभी केली. योगायोग बघा, तिचा नंबरही १११. गरज सरल्यावर १९२१ ला तीही मोडली.

आमच्या पोलादपूरकडं आठवण ठेवायची पद्धत फार जुनी. उमरठला माघ वद्य नवमीला माणूस मावत नाही. तानाजी मालुसरे १६७० मध्ये कोंढाण्यावर पडले, त्यांना घाट उतरून इथं आणलं. तिथं कुणाला बोलवावं लागत नाही.

कारगिलनंतर आमच्याही गावात टूम निघाली, की आपल्या गेलेल्या माणसांचा चौथरा बांधायचा. मुंबईच्या मंडळानं पावतीपुस्तकं छापली. दगड ओढ्यातला, वाळू सावित्रीची, अंगमेहनत वाडीची. कामाची भांडणं झाली नाहीत, भांडण झालं ते नावांवरून. लढाईत पडला तोच धरायचा, की इस्पितळात मेला तोही? एक पेन्शनर सुभेदार उठून म्हणाले, "ताप काय त्यानं घरनं नेलावता? सरकारनं नेलं तिथंच आला ना?" त्यावर कुणी बोललं नाही.

मग माझ्या चुलत आजोबाचं नाव निघालं. तो कुतला होता. कागद आला त्यात ‘बेपत्ता’ लिहिलेलं. माझी चुलत आजी तेव्हा पंधरा वर्षांची. तिनं मरेपर्यंत कुंकू पुसलं नाही. लोक काय काय बोलले. ती एवढंच म्हणायची, "कागूद आला, मानूस न्हाय आला. मेला आसं कुठं लिवलंय?" वडसावित्रीला वडाला सूत गुंडाळायची ती सत्तरीतही. आता दगडावर नाव घालायचं म्हणजे तिला एवढ्या वर्षांनी विधवा करायचं, असं माझी आई म्हणाली. आजी जाऊन तोवर बरीच वर्षं झाली होती, तरी आईचं बोलणं मंडळींना उडवता आलं नाही. दोन बैठका त्यातच गेल्या.

अखेर सुभेदारांनीच तोड काढली. पाटीवर ‘शहीद’ लिहायचं नाही, ‘लढाईला गेलेले’ लिहायचं. त्यात परतलेले, मेलेले, बेपत्ता सगळेच बसतात. पाथरवट अक्षरावर पैसे घेणारा होता. प्रत्येक नावापुढं जन्म-मृत्यूचं साल घालायचं आधी ठरलं होतं. चुलत आजोबाच्या ओळीशी आल्यावर त्यानं विचारलं, "दुसरं साल कुठलं टाकू?" आई म्हणाली, मोकळं ठेव. त्यानं तेवढे पैसे बिलातून वजा केले.