मौनाचा अर्थ

मौन हे संमतीचे लक्षण, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ते सर्वत्र खरे नसते, हे मला एका रिकाम्या उत्तराने शिकवले.

मराठी शब्द वर्णानुक्रमे लावणारी एक संगणकीय आज्ञावली मी रचीत होतो. तीसाठी इतरांच्या काही आज्ञावल्या हव्या होत्या. गिटहब हे २००८ साली उघडलेले आज्ञावल्यांचे प्रचंड कोठार. तेथे एका यंत्राने दुसऱ्याला प्रश्न विचारण्याची सोय आहे. तिला एपीआय म्हणतात. प्रत्येक आज्ञावलीचा परवाना कोणता, असे मी विचारले. उत्तरे तीन तऱ्हांची आली. काहींपुढे 'एमआयटी' किंवा 'जीपीएल' असे नाव होते, काहींपुढे 'इतर', आणि काहींपुढे 'नल', म्हणजे काहीच नाही. परवाना नाही त्या अर्थी आडकाठीही नाही, असे समजून मी त्या खुशाल उचलल्या.

इतिहास चाळताना चूक उमगली. अमेरिकेत १९७८ पूर्वी माझा समज बराचसा खरा ठरला असता. हक्काची सूचना न छापता प्रसिद्ध केलेले पुस्तक तेव्हा सामान्यतः सर्वांचे होऊन जाई. बर्न येथे १८८६ साली झालेल्या कराराचे तत्त्व मात्र निराळे. कृती निर्माण होताच हक्क कर्त्याचा. सूचनेची गरज नाही. अमेरिका १ मार्च १९८९ रोजी त्या करारात सामील झाली आणि त्याच मौनाचा अर्थ उलटा झाला. आपल्याकडे १९५७ च्या कायद्याचे तत्त्वही हेच; १९८४ च्या दुरुस्तीने त्यात आज्ञावली वाङ्मयकृती म्हणून बसवली. रिचर्ड स्टॉलमन यांच्या जीपीएलची पहिली आवृत्तीही १९८९ चीच. योगायोग खरा, पण बोलका. यापुढे मोकळीक द्यायची तर ती लिहूनच द्यावी लागणार होती.

मग ती तीन उत्तरे मी पुन्हा वाचली. गिटहबचे यंत्र परवान्याची फाइल शोधते आणि ओळखीच्या मसुद्यांशी ताडून पाहते. जुळली तर नाव सांगते. फाइल आहे पण जुळत नाही, तर 'इतर'. तेव्हा ती आपण स्वतः वाचावी. 'नल' म्हणजे फाइल सापडली नाही, एवढेच. लेखकाने माहितीपत्रात परवानगी लिहिली असली, तरी यंत्र ती हिशेबात धरीत नाही. ते साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे.

मी दोघा लेखकांना पत्रे धाडली. एकाने दुसऱ्याच दिवशी परवान्याची फाइल जोडली. दुसऱ्याचे उत्तर आले नाही. त्याची आज्ञावली मी काढून टाकली आणि ते काम स्वतः लिहायला बसलो.