पायाने चालवायचे हायड्रॉलिक लिफ्ट टेबल: ते कसे काम करते आणि घेण्यापूर्वी काय पाहावे

पॉवर प्रेसवर डाय बदलताना दोन माणसे वाकून ती जमिनीवरून उचलतात, हे दृश्य लहान कारखान्यांत नवीन नाही. पाठ धरते, बोटे चेमटतात आणि कधी डाय निसटून पायावर पडते. पायाने चालवायचे हायड्रॉलिक लिफ्ट टेबल अशा कामासाठी असते. त्याला वीज लागत नाही. बाजारात ते ‘सिझर लिफ्ट’, ‘टेबल ट्रॉली’ किंवा नुसते ‘हायड्रॉलिक टेबल’ या नावांनीही मिळते.

पायाच्या जोराने एवढे वजन कसे उचलले जाते?

यामागे पास्कलचा नियम आहे. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्वत्र सारखाच पोहोचतो. टेबलाखाली दोन सिलिंडर असतात. एक पंपाचा, लहान. दुसरा वजन उचलणारा, मोठा. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात ‘रॅम’ असा शब्द आढळेल, तो म्हणजे या मोठ्या सिलिंडरचा दांडा.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. आपण पेडलवर 30 किलोचा जोर दिला. पेडल ही एक तरफ आहे. ती जोर 8 पट करते, म्हणजे पंपाच्या दट्ट्यावर 240 किलो. दट्ट्याचे क्षेत्रफळ 3 चौरस सेंमी असेल, तर तेलात दर चौरस सेंमीला 80 किलो दाब तयार होतो. हाच दाब 15 चौरस सेंमीच्या रॅमवर पडला की जोर 1,200 किलो होतो.

मग टेबलाची क्षमता 1,200 किलो का लिहिलेली नसते? कारण मध्ये कात्रीसारख्या पात्यांची जोडी आहे. टेबल खाली असताना ही पाती जवळजवळ आडवी असतात. अशा स्थितीत वजनाच्या कितीतरी पट जोर लागतो. तो चौपट धरला, तर आपल्या उदाहरणातील टेबल सुरुवातीला 300 किलोच उचलेल. पाती उभी होत जातात तसे पेडल हलके लागते. मात्र तेव्हा एका दाबात टेबल पूर्वीपेक्षा कमी वर जाते.

जोर वाढतो त्याची किंमत अंतरात मोजावी लागते. वरच्या उदाहरणात पाय 16 सेंमी खाली गेला की दट्ट्या 2 सेंमी सरकतो, रॅम केवळ 4 मिमी आणि टेबल सुरुवातीला सुमारे 16 मिमी. म्हणूनच टेबल पूर्ण वर नेण्यासाठी पेडल अनेक वेळा दाबावे लागते.

पाय काढला तरी टेबल खाली का येत नाही?

पंपाजवळ एकाच दिशेने उघडणाऱ्या दोन झडपा असतात. पेडल वर येताना पहिली झडप टाकीतून तेल आत घेते. पेडल दाबताच ती बंद होते आणि दुसरी झडप तेल रॅमकडे जाऊ देते. ते तेल परत फिरू शकत नाही. खाली आणण्यासाठी हँडलवरील लिव्हर ओढावा लागतो. त्यामुळे सोडझडप उघडते आणि वजनाच्या भारानेच तेल टाकीत परतते. लिव्हर हळूहळू ओढावा. क्षमतेपेक्षा जास्त वजन ठेवल्यास सुरक्षा झडप तेल टाकीकडे वळवते आणि टेबल वर जात नाही. अशा वेळी ती झडप आवळू नये. हा ‘जुगाड’ प्राणावर बेतू शकतो.

बिघाड ओळखताना

टेबल वजनासह आपोआप खाली बसत असेल, तर झडपेत कचरा अडकला असेल किंवा सील झिजले असेल. पेडल स्पंजासारखे लागत असेल, तर तेलात हवा शिरली आहे किंवा तेल कमी आहे. तेल उत्पादकाने सांगितलेलेच भरावे. हायड्रॉलिक टेबलात गाडीचे ब्रेक ऑइल कधीही घालू नये. त्याने रबरी सील फुगून निकामी होतात.

वर केलेल्या टेबलाखाली हात घालण्यापूर्वी वजन उतरवून आधाराचा दांडा लावणे आवश्यक आहे. केवळ तेलाच्या भरवशावर राहू नये. टेबल उचलण्यापूर्वी चाकांचे ब्रेक लावावेत आणि भार मधोमध ठेवावा. लिहिलेली क्षमता सर्वत्र सारख्या पसरलेल्या भारासाठी असते. भार घेऊन सरकवताना टेबल खाली आणावे. माणसाला वर नेण्यासाठी त्याचा वापर करू नये.

योजनांमधून खरेदी

पीएम विश्वकर्मा योजनेत (सुरुवात 17 सप्टेंबर 2023) 18 पारंपरिक व्यवसायांतील कारागिरांना अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत प्रोत्साहन मिळते. ते त्या व्यवसायाच्या अवजारांसाठी आहे. लिफ्ट टेबल त्यात बसेल असे गृहीत धरू नये. तारणाशिवाय मिळणारे कर्ज पहिल्या टप्प्यात 1 लाख रुपयांपर्यंत (परतफेड 18 महिने) आणि दुसऱ्या टप्प्यात 2 लाख रुपयांपर्यंत (30 महिने) असून लाभार्थ्याला 5 टक्के व्याज द्यावे लागते. नवा उद्योग सुरू करणाऱ्यांनी पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमाच्या प्रकल्प अहवालातील यंत्रसामग्रीत टेबल दाखवण्याबाबत बँकेशी बोलावे.

हप्ते आपल्यालाच भरायचे आहेत, त्यामुळे कोटेशन मागताना केवळ ‘500 किलोचे टेबल’ असे सांगू नये. सर्वात खालची आणि सर्वात वरची उंची लिहून मागावी. प्रेसचा पाट टेबलाच्या कमाल उंचीपेक्षा वर असेल, तर डाय पुन्हा हातानेच उचलावी लागेल. शक्य असल्यास पूर्ण वजन ठेवून टेबल वर न्यावे, उंचीवर खूण करावी आणि अर्ध्या तासाने ती खूण पाहूनच पैसे द्यावेत.