सिकलसेलचे उपचार कागदावर, केसपेपरवर कधी?

विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा अनुवांशिक आजार आदिवासींबरोबरच बौद्ध समाजातही मोठ्या प्रमाणावर आढळतो. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केले आणि तपासणीला गती आली. पण तपासणीनंतर योग्य उपचार मिळतो का, हा आमचा प्रश्न आहे.

हायड्रॉक्सीयुरिया या गोळीने वेदनेचे झटके कमी होतात, हे १९९५ मध्येच प्रौढांवरील चाचणीत सिद्ध झाले. २०११ मध्ये लहान बालकांमध्येही तिचा फायदा दिसला. पाच वर्षांखालील मुलांना रोज पेनिसिलीन दिल्यास जीवघेणा जंतुसंसर्ग टळतो, हे १९८६ पासून माहीत आहे. तरीही अनेक ठिकाणी झटका आला की सलाईन आणि वेदनाशामक, एवढ्यावरच उपचार थांबतात.

याचे कारण केवळ डॉक्टरांची अनास्था नाही. ही गोळी कर्करोगातही वापरतात, त्यामुळे भीती वाटते. पांढऱ्या पेशी कमी होऊ शकतात म्हणून ठरावीक काळाने रक्त तपासावे लागते. गावात ती सोय नसते, गोळ्यांचा साठाही कधी संपलेला असतो.

मग डॉक्टरांची सवय बदलते कशाने? नुसती परिपत्रके आणि पुस्तिका वाटून फरक थोडाच पडतो. डॉक्टरांना त्यांच्याच कामाची आकडेवारी दाखवणे या उपायाचा २०१२ मध्ये १४० अभ्यासांवरून आढावा घेतला गेला. सुधारणा सरासरी चार टक्क्यांच्या आसपास होती. मात्र मुळात काम कमी पडत असेल, माहिती वरिष्ठ किंवा सहकाऱ्याकडून वारंवार मिळत असेल आणि उद्दिष्ट स्पष्ट असेल, तिथे परिणाम अधिक दिसला.

म्हणून आम्ही सुचवतो:

• प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राने किती रुग्णांना गोळी सुरू आहे, याचा तिमाही आढावा घ्यावा.
• अनुभवी डॉक्टरांनी केंद्रात जाऊन डोस व तपासणी समजावून सांगावी.
• केसपेपरवरच आठवणीची चौकट छापावी.
• गोळ्या व रक्ततपासणी जवळच्या केंद्रात मिळावी. नाहीतर बाकीचे उपाय व्यर्थ.

विहारातील बैठकीत हा विषय घ्या. रुग्णाच्या पालकांनी डॉक्टरांना थेट विचारावे: हायड्रॉक्सीयुरिया माझ्या मुलाला लागू आहे का? नसेल तर का नाही? पारखून स्वीकारा, ही धम्माची शिकवण आहे. दवाखान्यातही ती चालली पाहिजे.