तीन लाखांचा संग्रह आणि साडेसात हजारांचा

चवथ सरली आणि पावसाचा जोर ओसरला की आमच्या घरी एक काम ठरलेले असते. माळ्यावरच्या ट्रंका खाली उतरवायच्या, आतली पुस्तके सोप्यावर चटईवर पसरायची आणि कुठे कसर लागली, कुठे वाळवीने वाट काढली ते बघायचे. गोव्याच्या हवेत पुस्तके बाळगणे म्हणजे गुरे बाळगण्यासारखेच. रोज नाही तरी वर्षातून एकदा हात फिरवावाच लागतो.

यंदा त्यातून विज्ञानकथांचा ढीग वेगळा काढला आणि एक दोनशेपानी वही घेऊन नोंदी करायला बसलो. जयंत नारळीकर, बाळ फोंडके, निरंजन घाटे, लक्ष्मण लोंढे, जोडीला 'नवल'चे काही जुने अंक. लेखक, पुस्तक, साल असे रकाने आखले आणि शेवटी एक रकाना 'कोणाकडे' म्हणून. पुस्तक वाचायला द्यायला मला आवडते. ते परत मागायला मात्र जीभ रेटत नाही.

वहीचे मनावर घेण्यामागे एक कारण आहे. आमच्या गावात एक मास्तर होते. त्यांच्या घरी दोन कपाटे भरून पुस्तके होती आणि आम्हा पोरांना ती मोकळी होती. मास्तर गेले, घर विकायला निघाले आणि पुस्तके किलोवर गेली. वाईट याचे वाटते की मास्तरांनी यादी केली नव्हती. त्यामुळे नेमके काय गेले, हेही आज कुणाला सांगता येत नाही.

विज्ञानकथेच्या इतिहासात अशा संग्राहकांची मोठी परंपरा आहे आणि तिचा आरंभ अमेरिकेत होतो. ह्यूगो गर्न्सबॅक यांनी एप्रिल १९२६ मध्ये 'अमेझिंग स्टोरीज' हे केवळ विज्ञानकथांना वाहिलेले मासिक काढले. किंमत २५ सेंट. त्याच वर्षीचा ऑक्टोबरचा अंक लॉस एंजेलिसच्या एका नऊ वर्षांच्या मुलाने विकत घेतला. तो फॉरेस्ट अकरमन. त्या एका अंकापासून त्याने जे जमवायला सुरुवात केली, ते पुढे पुस्तके, मासिके, चित्रे, चित्रपटांतले मुखवटे आणि पोशाख मिळून तीन लाखांच्या घरात गेले. 'साय-फाय' हा शब्दही त्याचाच, १९५४ मधला. त्या काळी 'हाय-फाय' हा शब्द लोकांच्या तोंडी होता, त्याच्या चालीवर त्याने तो जुळवला.

अकरमन दिलदार माणूस होता. रे ब्रॅडबरी यांची पहिली कथा १९३८ मध्ये छापली ती त्याच्या हौशी नियतकालिकाने. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या पहिल्या जागतिक विज्ञानकथा संमेलनाला जाण्यासाठी या होतकरू पोराला पैसेही त्यानेच दिले. नंतर त्याच्या अठरा खोल्यांच्या घराला लोक 'अकरमॅन्शन' म्हणू लागले. शनिवारी घर सर्वांना खुले, तिकीट नाही, आणि घरमालक स्वतः हिंडून एकेक वस्तू दाखवणार. सुमारे पन्नास हजार माणसे तिथे येऊन गेली म्हणतात. बेला लुगोसीने ड्रॅक्युलाच्या भूमिकेत वापरलेली अंगठी तो स्वतःच्या बोटात घालून फिरायचा.

सगळे एका संग्रहालयात एकत्र राहावे ही त्याची इच्छा मात्र पुरी झाली नाही. आजारपण आणि कोर्टकचेरीचा खर्च यांनी तो वाकला आणि २००२ मध्ये बहुतेक संग्रह विकून लहान घरात राहायला गेला. ४ डिसेंबर २००८ रोजी तो वारला. उरलेल्या वस्तूंचा पुढच्या वर्षी लिलाव झाला.

आता याच्या उलट गोष्ट पाहा. ओकलंडचे डॉ. जे. लॉइड ईटन हे व्यवसायाने वैद्य. त्यांच्या संग्रहात साडेसात हजारांच्या आसपास बांधीव पुस्तके होती, म्हणजे अकरमनच्या पासंगालाही पुरणार नाहीत इतकी. १९६९ मध्ये ती कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील ग्रंथालयाने विकत घेतली. त्या काळी विद्यापीठाने असली पुस्तके घेणे म्हणजे भुवया उंचावणारीच गोष्ट. पण एकदा घर मिळाल्यावर इतरांचे संग्रहही तिथे येऊ लागले. ब्रूस पेल्झ, टेरी कार, फ्रेड पॅटन अशा रसिकांनी जन्मभर जमवलेली हौशी नियतकालिके आली. आज ईटन संग्रहात तीन लाखांवर वस्तू आहेत. अकरमनकडे होत्या साधारण तेवढ्याच.

मला सर्वांत जवळची वाटते ती ज्युडिथ मेरिल. ती स्वतः कथाकार. १९५६ पासून दरवर्षी निवडक विज्ञानकथांचे संपादन करायची, म्हणून घरात पुस्तकांचा रतीब. व्हिएतनाम युद्धाच्या काळात तिचे मन अमेरिकेवरून उडाले आणि १९६८ मध्ये ती कॅनडात टोरंटोला गेली. दोनच वर्षांनी, १९७० मध्ये, तिने आपली सुमारे पाच हजार पुस्तके आणि मासिके तिथल्या सार्वजनिक ग्रंथालयाला देऊन टाकली. वय अवघे ४७. आपल्याकडे पुस्तके द्यायचा विचार येतो तो सत्तरीनंतर, आणि तोही मुलगा पुण्याला किंवा परदेशी स्थायिक झाल्यावर! त्या विभागाचे पहिले नाव 'स्पेस्ड आउट लायब्ररी', त्या हिप्पी काळाला शोभणारे. १९९० मध्ये त्याला तिचे नाव दिले. १९९७ मध्ये ती वारली. तिचा संग्रह ऐंशी हजारांपलीकडे गेला आहे. ग्रंथपालाला सांगायचे, तो पुस्तक काढून देतो, तिथेच बसून वाचायचे.

या सगळ्यांच्या मागे एक रूक्ष वाटणारे काम आहे आणि ते करणारेही रसिकच होते. पोर्टलंडच्या डोनाल्ड डे याने १९२६ ते १९५० या पंचवीस वर्षांतल्या विज्ञानकथा मासिकांची सूची करून १९५२ मध्ये छापली. कोणती कथा, कोणाची, कोणत्या अंकात, कोणत्या पानावर. आणि टोपणनावामागे कोण, हेही. ती मासिके हलक्या लगद्याच्या कागदावर छापलेली, आम्लामुळे पिवळी पडून तुकडे होणारी. अंक हातात राहिला नाही तरी तो होता एवढे तरी सूचीमुळे कळते. पुढची वर्षे एमआयटीच्या विद्यार्थ्यांच्या विज्ञानकथा मंडळाने उचलली; १९५१ ते १९६५ ची त्यांची सूची संगणकाच्या मदतीने तयार झाली.

टोपणनावाचे महत्त्व मला माझ्याच वहीत पटले. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेला नारळीकरांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने. आपलीच आद्याक्षरे उलटी करून! त्यांनी पुढे स्वतः सांगितले म्हणून बरे. नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. 'नवल'सारख्या मासिकांत टोपणनावाने लिहून गेलेल्या इतरांचे काय, हे विचारायला त्या पिढीतली माणसे आता फारशी उरलेली नाहीत.

वहीत आजवर त्रेसष्ट नोंदी झाल्या. 'नवल'चा एक अंक मुखपृष्ठाविना आहे, त्याच्या सालाचा रकाना कोरा ठेवला आहे. 'कोणाकडे' या रकान्यात चार नावे आहेत. दोघांना फोन केला. म्हापशाचा मित्र म्हणाला, पुस्तक आहे, पण माझ्या मुलीने वाचायला घेतले आहे, चालेल ना? मी आधीचे नाव खोडले आणि तिचे लिहिले.