वेळापत्रकांमधील सांधे : सोलापूरच्या संदर्भात प्रवासनियोजनाचा ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

पुणे किंवा मुंबईहून स्वामी समर्थांच्या दर्शनासाठी अक्कलकोटला निघालेला नवखा प्रवासी रेल्वेची गाडी शोधू लागला, की त्याच्यासमोर 'अक्कलकोट रोड' हे स्थानक येते. नाव जुळते, म्हणून त्याचा शोध तेथेच संपतो. प्रत्यक्षात हे स्थानक अक्कलकोट गावापासून दहा-अकरा किलोमीटर दूर आहे; सर्व जलद गाड्या तेथे थांबत नाहीत, आणि उतरल्यावर गावात जाण्यासाठी मिळेल त्या वाहनाची वाट पाहावी लागते. नेहमी ये-जा करणारा माणूस सोलापूरलाच उतरतो, रिक्षाने एस.टी. स्थानक गाठतो आणि अक्कलकोटची गाडी धरतो. हा मार्ग त्याला कोणत्याही वेळापत्रकाने शिकविलेला नसतो.

निघण्याचे ठिकाण व गंतव्य सांगितल्यास गाड्यांची जुळणी करून मार्ग सुचविणारी संगणकीय प्रणाली, म्हणजेच प्रवासनियोजक, आज सर्वांच्या हाती आहे. तिची गणिती शक्ती निर्विवाद आहे. तरीही सर्वांत सोयीचा मार्ग तिच्या उत्तरातून अनेकदा निसटतो. हा दोष केवळ गणिताचा मानला जातो. सोलापूर जिल्ह्याचा वाहतूक-इतिहास पाहता मात्र वेगळे चित्र दिसते. प्रत्येक संस्थेने आपापले वेळापत्रक लिहिले. दोन संस्थांमधील सांधा कोणीच लिहिला नाही. संगणकाने जे लिहिलेले होते तेवढेच वारशाने घेतले.

'रोड' या शब्दाचा अर्थ

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग १८६० मध्ये सोलापूरपर्यंत आला आणि १८७१ मध्ये रायचूर येथे मद्रास रेल्वेस मिळाला. मुंबई व मद्रास जोडणे हे या मार्गाचे मुख्य प्रयोजन होते. त्यामुळे बार्शीसारखी मोठी बाजारपेठ आणि अक्कलकोटसारखे संस्थानी गाव रुळापासून दूर राहिले. अशा गावांसाठी जवळच्या स्थानकास गावाचे नाव देऊन पुढे 'रोड' हा शब्द जोडण्याची प्रथा पडली. आजचे कुर्डुवाडी हे त्या काळी 'बार्शी रोड' होते. हा एक शब्द म्हणजे प्रवाशास दिलेली प्रामाणिक सूचनाच होती : येथे रेल्वे संपते, पुढचा रस्ता तुमचा तुम्ही पाहावा.

बार्शीकरांचा तो रस्ता १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅल्थ्रॉप यांच्या बार्शी लाइट रेल्वेने रुळावर आणला. अडीच फूट रुंदीचा हा नॅरोगेज मार्ग १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत पोहोचला. दक्षिणेकडे सदर्न मराठा रेल्वेचा मीटरगेज मार्ग गदगहून विजापूरमार्गे १८८४ मध्ये होटगीस आला होता. म्हणजे एकाच जिल्ह्यात तीन कंपन्या व तीन मापांचे रूळ नांदत होते, आणि त्यांची गाठ कुर्डुवाडी व होटगी या दोन स्थानकांत पडत होती. तेथे प्रवासी सामानासह एका कंपनीच्या गाडीतून उतरून दुसऱ्या कंपनीच्या गाडीत चढत असे. मोठी गाडी उशिरा आली तर छोटी गाडी थांबेल काय, हा वारकऱ्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा प्रश्न होता. छापील वेळापत्रकात त्याचे उत्तर मिळण्यासारखे नव्हते.

घड्याळांचाही एक सांधा होता. १८७० नंतर देशातील रेल्वे मद्रासच्या वेळेनुसार चालू लागल्या. रेखांशाच्या हिशेबाने सोलापूरचा स्थानिक मध्यान्ह मद्रासनंतर सुमारे सतरा मिनिटांनी होतो. मुंबई व मद्रास यांत अर्ध्या तासाचा फरक पडे. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ लागू झाली, तरी मुंबई शहराने आपली वेळ पुढे अनेक दशके सोडली नाही. 'रेल्वेची वेळ' आणि 'गावची वेळ' यांचा मेळ मनातल्या मनात घालण्याची सवय त्या पिढीच्या प्रवाशाला होती. वेळापत्रक वाचणे हे तेव्हा एक कौशल्य होते, असे म्हणण्यास हरकत नाही.

कोष्टक आणि त्याचा वाचक

जॉर्ज ब्रॅडशॉ यांनी १८३९ मध्ये इंग्लंडात रेल्वे वेळापत्रकांचे संकलन प्रसिद्ध केले. त्याच धर्तीवर कलकत्त्याच्या न्यूमन कंपनीचा 'इंडियन ब्रॅडशॉ' भारतात दीर्घकाळ प्रचारात राहिला. अशा ग्रंथांत प्रत्येक मार्गाचे कोष्टक स्वतंत्र असते. एका कोष्टकातून दुसऱ्यात जाणे हे वाचकाचे काम. ग्रंथ मार्ग सुचवीत नसे, मार्ग शोधण्याचे साहित्य पुरवीत असे. त्यामुळे चुकीची जबाबदारीही वाचकाकडेच राही, आणि तो स्थानकातील कारकून, हमाल वा सहप्रवासी यांना विचारून आपला निष्कर्ष पडताळून घेई. पुढे संगणकाने उत्तर देण्याचे काम स्वतःकडे घेतले आणि ही पडताळणीची पायरी हळूहळू गळाली.

एस.टी.च्या आगमनाने सांध्यांची संख्या एकदम वाढली. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली, आणि पुढील काही दशकांत रेल्वेने न स्पर्शिलेली गावे डांबरी सडकेने जोडली गेली. तुळजापूर हे त्याचे ठळक उदाहरण. सोलापूरपासून सुमारे पंचेचाळीस किलोमीटरवरील या क्षेत्री पिढ्यान्‌पिढ्या भाविक सडकेनेच गेले. परंतु एस.टी.चे फलक एस.टी.पुरते आणि रेल्वेचे फलक रेल्वेपुरते राहिले. सोलापुरात रेल्वे स्थानक व मध्यवर्ती बसस्थानक वेगवेगळ्या ठिकाणी आहेत. त्यांच्यामधील रिक्षाचे अंतर दोन्ही संस्थांच्या कागदांत कोठेच येत नाही.

याहून सूक्ष्म बाब फाट्याची. पुणे-सोलापूर महामार्गावर पंढरपूरकडे जाणारा अनुभवी प्रवासी थेट गाडीची वाट पाहत बसत नाही. समोर येईल त्या सोलापूर गाडीने तो टेंभुर्णीस उतरतो आणि तेथून पुढची गाडी धरतो. सोलापूरच्या बाजूने येणाऱ्यास मोहोळचा असाच उपयोग होतो. फाटा हे स्थानक नसते. पुष्कळ फाट्यांवर फलक नसतो, चौकशी खिडकी तर नसतेच. असते ती चहाची टपरी, आणि कोणती गाडी गेली व कोणती यायची आहे हे जाणणारा टपरीवाला. गावात मुक्कामास येऊन पहाटे तालुक्यास निघणारी एस.टी. अवघ्या गावास ठाऊक असते, बाहेरच्या माणसास क्वचितच. वडाप म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वाहनांना तर सुटण्याची वेळच नाही. आसने भरली की ती सुटतात.

गणित काय करते

एड्‌सगर डाइक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये नेदरलँड्समधील ६४ शहरांच्या नकाशावर लघुतम मार्ग शोधण्याची रीत योजिली व १९५९ मध्ये ती प्रसिद्ध केली. ठिकाणे म्हणजे बिंदू, रस्ते म्हणजे रेषा, आणि प्रत्येक रेषेस अंतराचे मूल्य, अशी तिची मांडणी आहे. या मांडणीत लघुतम मार्ग निश्चितपणे सापडतो. सार्वजनिक वाहतुकीत मात्र रेषेचे मूल्य स्थिर नसते. सकाळी सहा वाजता कुर्डुवाडीहून पंढरपूरला जाण्यास लागणारा वेळ आणि सहा वाजून पाच मिनिटांनी, गाडी नुकतीच गेल्यावर, लागणारा वेळ यांत तासांचा फरक पडू शकतो. त्यासाठी वेळापत्रकास अनुरूप अशा निराळ्या रीती निघाल्या. २०१२ मध्ये डेलिंग, पायोर व वेर्नेक यांनी मांडलेली व लंडनच्या वाहतूकजाळ्यावर तपासलेली 'रॅप्टर' ही रीत फेऱ्यांनी चालते : पहिल्या फेरीत एका वाहनाने पोहोचता येणारी ठिकाणे, दुसरीत दोन वाहनांनी, याप्रमाणे. एका वाहनातून उतरून दुसऱ्याकडे चालत जाण्याचे दुवे मात्र तिला आधी पुरवावे लागतात. दुवा नसेल तर दोन थांबे समोरासमोर असूनही परस्परांस अपरिचित राहतात.

माहिती पुरविण्याची रीतही याच काळात रूढ झाली. अमेरिकेतील पोर्टलंड शहराच्या ट्रायमेट या वाहतूक संस्थेच्या सहकार्याने गूगलने डिसेंबर २००५ मध्ये आपली सेवा सुरू केली. ट्रायमेटच्या बाजूने बिबियाना मॅक्‌ह्यू यांचा त्यात पुढाकार होता. त्यातून निघालेला वेळापत्रकाचा सामाईक नमुना पुढे जगभर स्वीकारला गेला. थांबे, मार्ग, फेऱ्या आणि प्रत्येक थांब्यावरील वेळ ही त्यातील प्रमुख कोष्टके आहेत. वाहन बदलण्याच्या नियमांचे कोष्टक ऐच्छिक आहे. प्रत्येक संस्था आपली माहिती आपण भरते. हा ब्रॅडशॉचाच क्रम होय, आणि त्यात दोन संस्थांमधील जागा पूर्वीइतकीच रिकामी राहते. ठरावीक अंतराने धावणाऱ्या वाहनांची नोंद या नमुन्यात करता येते; भरल्यावर सुटणाऱ्या वाहनास त्यात जागा सापडत नाही.

सोयीचा मार्ग कोठे निसटतो

सोलापूर ते पंढरपूर हे उदाहरण पुरेसे बोलके आहे. रेल्वेने सोलापूर-कुर्डुवाडी सुमारे ऐंशी आणि कुर्डुवाडी-पंढरपूर सुमारे पन्नास, असा एकशे तीस किलोमीटरचा वळसा पडतो. सडकेने हे अंतर सत्तरपेक्षा थोडे अधिक आहे. केवळ रेल्वेची माहिती असलेली प्रणाली कुर्डुवाडीचा मार्ग देते, आणि तिच्या माहितीपुरते ते उत्तर बिनचूक असते. कलबुर्गीहून पंढरपूरला जाणाऱ्याने सोलापूरला उतरून एस.टी. धरावी, ही गोष्ट दोन्ही संस्थांची माहिती एकत्र असल्याखेरीज आणि स्थानक ते स्थानक हा दुवा कोणीतरी नोंदविल्याखेरीज गणितास कळणार नाही. दुवा नोंदविला, तरी चालण्याच्या अंतरास प्रणालीने घातलेली मर्यादा त्याहून कमी असेल तर तो पुन्हा निरुपयोगी ठरतो.

माहिती पूर्ण असली तरी निवडीचा प्रश्न राहतो. समजा, एक मार्ग नऊ वाजून पाच मिनिटांनी पोहोचवितो पण त्यात दोनदा गाडी बदलावी लागते. दुसरा थेट असून नऊ वाजून बारा मिनिटांनी पोहोचतो. केवळ पोहोचण्याची वेळ पाहणाऱ्या हिशेबात थेट गाडी बाद होते. बोचके व वृद्ध आई बरोबर असलेल्या माणसाला या सात मिनिटांची किंमत शून्य असते. वेळ, बदल, भाडे व चालणे हे सर्व निकष स्वतंत्र ठेवले, तर ज्यावर कोणताही दुसरा मार्ग सर्व बाजूंनी सरस नाही असे मार्ग राखता येतात. इटालियन अर्थशास्त्रज्ञ विल्फ्रेडो पारेटो यांच्या नावाने ही कल्पना ओळखली जाते. पण निकष वाढले की अशा मार्गांची संख्या भराभर वाढते, उत्तरास विलंब लागतो, आणि पडद्यावर तर चार-पाचच मार्ग मावतात. मग कोठेतरी छाटणी करावी लागते. छाटणीचा नियम ठरविणारा माणूस सोलापूरच्या स्थानकावर पहाटे चार वाजता उतरलेला असण्याची शक्यता फारशी नाही.

सर्वांत उपेक्षित राहतो तो चुकामुकीचा हिशेब. वेळापत्रकात गाडी बदलण्यास दहा मिनिटे दिसत असतील, तर साधी प्रणाली तो बदल झालाच असे धरते. परंतु दर अर्ध्या तासाने सुटणारी एस.टी. चुकली तर अर्धा तास जातो. दिवसातून मोजक्याच वेळा सुटणारी गाडी चुकली तर दुपार जाते, आणि शेवटची चुकली तर रात्र फलाटावर काढावी लागते. या तिन्ही प्रसंगी कागदावरचा बदल मात्र दहाच मिनिटांचा असतो. जाणता सोलापूरकर ज्या मार्गास 'सोयीचा' म्हणतो, त्यात पुष्कळदा हाच विचार असतो : एक गाडी गेली तरी मागून दुसरी येते. अक्कलकोटला जाताना सोलापूरला उतरण्यामागचे कारण हेच आहे. कुर्डुवाडीच्या फलाटावरील वारकऱ्याचा प्रश्न शंभर वर्षांनीही तोच राहिला आहे.

बदललेले रूळ

बार्शी लाइट रेल्वे १९५४ मध्ये सरकारने विकत घेतली. १९९२ मध्ये देशभर रूळ एकमापी करण्याची योजना हाती घेण्यात आली, आणि तिच्या ओघात कुर्डुवाडीहून निघणारे नॅरोगेज व होटगीहून निघणारे मीटरगेज मार्ग ब्रॉडगेज झाले. मापातील सांधा मिटला. त्यामुळे कुर्डुवाडीस उतरण्याची सक्ती संपली. थेट गाडी नसलेल्या दिवशी उतरावे मात्र लागते. स्थानकाच्या नावातील 'रोड' हा शब्द अक्कलकोटपुरता टिकून आहे. त्याचा मूळ अर्थ नव्या प्रवाशांच्या ध्यानात येत नाही, आणि प्रणालीच्या लेखी तो नावाचा केवळ एक भाग आहे.

आषाढी एकादशीच्या सुमारास तर नित्याचे वेळापत्रकच बाजूला पडते. रेल्वे विशेष गाड्या सोडते, एस.टी. जादा गाड्या सोडते आणि पंढरपुराबाहेर दिशेनुसार तात्पुरती स्थानके उभारते. वर्षभर ज्या ठिकाणाहून गाडी सुटते तेथून त्या दिवसांत ती सुटतेच असे नाही. एकादशी आटोपून परत निघालेला वारकरी कोणत्या स्थानकावर जायचे हे रस्त्यावरील फलकाला विचारतो, आणि फलक वाचता येत नसेल तर शेजारच्या दिंडीतील माणसाला.