परंड्याचा किल्ला : तोफ गेली, खंदक उरलाय

किल्ला म्हटलं की आपल्याला डोंगर आठवतो. आपल्या परंड्याला डोंगर नाही, दरी नाही. सपाट काळं रान. अशा ठिकाणी किल्ला टिकवायचा तर एकच उपाय, चारी बाजूंनी खंदक खणा आणि पाण्याने भरा. आपला किल्ला तसा आहे. दुहेरी तट, बाहेर रुंद खंदक. बांधकामाचं श्रेय बहमनी वजीर महमूद गवानला दिलं जातं, म्हणजे पंधरावं शतक.

१६०० साली मोगलांनी अहमदनगर घेतलं. निजामशाही संपली असं सगळ्यांना वाटलं. पण मलिक अंबर आणि इतर सरदारांनी दुसऱ्या मुर्तजाला गादीवर बसवलं, ते परंड्यात. काही काळ आपलं गाव राजधानी होतं. हे आपल्या किती पोरांना माहीत आहे?

विजापूरला शेरझा बुरुजावर 'मलिक-ए-मैदान' बघायला सहली जातात. ही तोफ अहमदनगरला १५४९ मध्ये रूमीखानाने ओतली. वजन सुमारे ५५ टन. पुढे ती आपल्या किल्ल्यावर होती. १६३२ मध्ये आदिलशाहीने ती इथून विजापूरला नेली, दीडशे किलोमीटरच्या वर. दहा हत्ती आणि चारशे बैल जुंपले होते, असं सांगतात. तिची जोडीदार तोफ वाटेत नदीत बुडाली, असंही जुनी माणसं सांगतात. १८५४ मध्ये इंग्रजांनी मलिक-ए-मैदान भंगारात विकायला काढली, तेव्हा बोली आली फक्त दीडशे रुपये. विक्री रद्द झाली, म्हणून ती वाचली.

आता महत्त्वाचं. तोफ गेली, तरी किल्ला पडला नाही. १६३४ मध्ये शहाजहानचा मुलगा शुजा आणि महाबतखान मोठी फौज घेऊन आले. वेढा बसला. पण चारा-सरपणासाठी त्यांच्या माणसांना लांब लांब जावं लागे, सरदारांत भांडणं लागली, पावसाळा तोंडावर आला. वेढा उठवून ते परत गेले. आत विहिरी, बाहेर खंदक. आतल्यांना पाणी होतं, बाहेरच्यांची आबाळ झाली. १६६० मध्ये किल्ला मोगलांकडे गेला, तो लढून नाही, किल्लेदार फितूर झाला म्हणून.

आपला तालुका दुष्काळी. टँकरची वाट बघणं आपल्याला नवीन नाही. अशा मुलखात चारशे-पाचशे वर्षांपूर्वी लोकांनी गावाला लागून एवढं पाणी धरून ठेवलं, आणि आपण त्यात कचरा टाकायचा? तटाच्या सांध्यात पिंपळ, वड उगवले की चिरे सुटतात. रोप बोटाएवढं असताना काढलं तर दोन मिनिटांचं काम, झाड झालं की तट घेऊन पडतं.

माझं म्हणणं साधं आहे. खंदकातला गाळ आणि झुडपं परवानगी घेऊन, जाणकारांच्या देखरेखीखाली काढावीत. शाळांनी वर्षातून एक सहल विजापूरऐवजी इथेच काढावी. भिंतीवर नाव कोरणारा दिसला तर तिथेच अडवा, मग तो आपला भाचा का असेना.

कुणाच्या घरी खंदकाचे, किल्ल्याचे जुने फोटो असतील तर खाली टाका. खंदकात पूर्वी पाणी कुठवर असायचं, हे घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि लिहा. त्यांच्यानंतर सांगणारं कुणी नाही.